तहकूब डावाची रात्र

काळ्या समुद्राच्या काठी, बल्गेरियात वार्ना नावाचं शहर आहे. १९६२ साली तिथे बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड भरलं होतं. देशोदेशीचे संघ आले होते, पण सगळ्यांचे डोळे एकाच लढतीकडे लागले होते. सोव्हिएत संघ विरुद्ध अमेरिका, आणि त्यातही पहिला पट. पांढऱ्या सोंगट्यांमागे मिखाईल बोट्विनिक, काळ्यांमागे बॉबी फिशर.

बोट्विनिक तेव्हा ५१ वर्षांचे, विश्वविजेते. १९४८ साली पहिल्यांदा जगज्जेते झाले, पुढे दोनदा किताब गमावला आणि दोन्ही वेळा परतीच्या सामन्यात हिसकावून घेतला. पेशाने विद्युत अभियंता, त्यातली डॉक्टरेट मिळवलेले. खेळाकडेही ते अभियंत्याच्याच नजरेने बघत. डावाची तयारी घरी करायची, वहीत लिहायची, पटावर फक्त ती उतरवायची. सिगारेटच्या धुराचा त्यांना त्रास व्हायचा, म्हणून सरावाच्या वेळी समोरच्याला ते मुद्दाम धूर सोडायला लावत! अशा माणसासमोर पटावर काही अनपेक्षित घडेल, हे कोणाच्या मनातही येत नसे.

समोरचा पोरगा १९ वर्षांचा. चौदाव्या वर्षी अमेरिकेचा विजेता, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर. सोव्हिएत मासिकं वाचता यावीत म्हणून रशियन शिकलेला. आणि त्या वर्षी भयंकर चिडलेला. काही महिन्यांपूर्वीच क्युरासाव बेटावर विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली होती. फिशर तिथे चौथा आला. परतल्यावर त्याने एका अमेरिकी क्रीडा साप्ताहिकात लेख लिहून जाहीर आरोप केला: सोव्हिएत खेळाडू आपापसांत ठरवून डाव बरोबरीत सोडवतात आणि बाहेरच्याला वर येऊ देत नाहीत. त्याचा रोख तिघांवर होता. पेट्रोशियन, केरेस आणि गेलर. हे तिघेही आता वार्नात सोव्हिएत संघात होते. यातलं तिसरं नाव लक्षात ठेवा.

डाव सुरू झाला. काळ्याने ग्रुनफेल्ड बचाव घेतला आणि बोट्विनिक निर्धास्त झाले, कारण हा सगळा रस्ता त्यांच्या पायाखालचा होता. स्मिस्लोव्हशी विश्वविजेतेपदासाठी झुंजत होते त्या काळात त्यांनी याच मांडणीची घरी कसून तयारी केली होती. आता त्या वहीचं चीज होणार होतं. सोळा चाली झाल्या. सतराव्या चालीला त्यांनी मधलं प्यादं पुढे ढकलून काळ्या वजिराला धमकावलं.

फिशरने वजीर उचलला आणि पुढचं एक प्यादं खाल्लं.

हे प्यादं अनाथ नव्हतं. त्याच्या पाठीशी पांढऱ्याचा उंट होता. म्हणजे उंटाने वजीर घ्यायचा आणि डाव संपला, असंच कोणालाही वाटेल. पण त्याच उंटावर आणखी एक काम होतं. दुसऱ्या अंगाला पांढऱ्याचा स्वतःचा वजीर उभा होता आणि त्याची राखणही हाच उंट करत होता. उंट प्याद्याच्या मदतीला धावला की तिकडे वजीर उघडा पडतो, आणि काळ्याचा घोडा तो अलगद उचलतो. वजिराला वजीर गेला, वर एक प्यादं फिशरच्या पदरात पडलं. वर्षानुवर्षं जपलेल्या वहीत ही एक चाल नव्हती. एकोणीस वर्षांच्या मुलाला ती समोर बसल्या बसल्या दिसली.

बोट्विनिक हादरले. त्यांच्या मनाचा तोलच ढळला, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. स्वतःच्याच अभ्यासाने दगा दिला की माणूस जास्त खचतो. जिथे अभ्यासच नव्हता तिथे हरलो असतो तर निदान तेवढं तरी समाधान! फिशर मात्र शांतपणे एकेक सोंगटी कमी करत गेला. हत्तीला हत्ती, घोड्याला उंट. पंचेचाळीस चाली झाल्या तेव्हा पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि थोडी प्यादी एवढंच उरलं होतं. काळ्याची प्यादी चार, पांढऱ्याची तीन. त्यातली काळ्याची दोन वजिराच्या बाजूला आणि दोन राजाच्या बाजूला. आणि पांढऱ्याचं वजिराच्या बाजूचं एकुलतं एक प्यादं मार खायला उभं.

इथे वेळ संपली आणि डाव तहकूब झाला.

आजच्या मुलांना ही भानगड ठाऊक नसते, म्हणून सांगतो. तेव्हा डाव ठरलेल्या तासांत संपला नाही तर दुसऱ्या दिवसावर जायचा. ज्याची चाल असेल त्याने ती पटावर न करता कागदावर लिहायची, लिफाफ्यात घालून लिफाफा पंचांच्या ताब्यात द्यायचा. मग दोघांना अख्खी रात्र मोकळी. स्वतः पट मांडून बसा नाहीतर मित्रांना बोलवा, कसलीही आडकाठी नाही. संगणक आले आणि ही पद्धत १९९०च्या दशकात बंद पडली, कारण रात्रभर यंत्रच खेळणार असेल तर माणसांनी सकाळी यायचं कशाला? पण तोपर्यंत कितीतरी मोठे डाव खरं म्हणजे हॉटेलच्या खोल्यांत जिंकले आणि हरले गेले.

लिफाफ्यात फिशरची चाल होती. एक प्यादं वर, हत्ती मोकाट, समोरचा खचलेला. 'हत्तींचे शेवट सगळे बरोबरीतच सुटतात' अशी बुद्धिबळपटूंमध्ये जुनी थट्टा आहे खरी, पण हा शेवट त्यातला दिसत नव्हता. सभागृहातल्या जाणत्यांचंही मत होतं की पोरगा जिंकणार.

आता रात्रीकडे येऊ.

बोट्विनिक यांच्यासमोर पहिला प्रश्न पटावरचा नव्हताच. हा डाव वाचवता येतो का, हे बघण्याआधी त्यांना ठरवायचं होतं की हे बघण्यात अर्थ आहे का. दिवसभर ज्या डोक्यावर विसंबून खेळले त्याच डोक्याने त्यांना खड्ड्यात नेलं होतं. विश्वविजेत्याला अशा वेळी एक मार्ग फार सोयीचा असतो: खोलीचं दार लावून घ्यायचं, सकाळी जाऊन सभ्यपणे हात मिळवायचा आणि नशिबाला बोल लावायचा. त्यांनी दार लावलं नाही. संघातले सहकारी जमले, पट मांडला गेला.

प्रथम सगळ्यांनी तेच केलं जे आपण कोणीही करू. जे आहे ते वाचवायला बघितलं. वजिराच्या बाजूचं ते एकुलतं प्यादं मरणार आहे ना, मग हत्तीला त्याच्या राखणीला बसवा. पण हत्ती राखणीला बसला की तो हत्ती राहत नाही, पहारेकरी होतो. एका कोपऱ्यात बांधलेला. काळा राजा मग निवांत चालत येणार, आपल्या प्याद्यांना हात देणार आणि एकेक घर पुढे सरकवत नेणार. कितीही फिरवून बघा, तासाभराने तेच उत्तर यायचं: हरलो.

पहाटेकडे झुकलेल्या त्या बैठकीत येफिम गेलर यांनी वेगळीच दिशा दाखवली. ओडेसाचे गेलर, फिशरने ज्या तिघांवर आरोप केला होता त्यांपैकी एक. हल्ला करून खेळणारा माणूस, बचावाला बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांची कल्पना थोडक्यात अशी: ते प्यादं देऊन टाका. राखणीचं नावच काढू नका. हत्ती घेऊन थेट काळ्याच्या घरात, त्याच्या प्याद्यांच्या ओळीत शिरा आणि राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं मारा.

याचा परिणाम काय होईल हे नवशिक्यालाही कळेल. काळ्याला वजिराच्या बाजूला दोन प्यादी शेजारी-शेजारी, पुढे वाट मोकळी, आडवायला कोणी नाही. हत्तींच्या शेवटात असं एखादं जोडपं दिसलं की लोक उठून कोट घालतात. आणि इथे पांढरा ते स्वखुशीने देणार!

पण गेलर प्याद्यांपेक्षा चाली मोजत होते. काळ्याची दोन प्यादी अजून आपल्या घराजवळ आहेत, त्यांना वजीर व्हायला लांबचा पल्ला आहे. त्यांचा राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. पांढऱ्याचा हत्ती मात्र मोकळा झाला, आता तो मागून शह देऊ शकतो, बाजूने खाऊ शकतो. आणि राजाच्या बाजूला पांढऱ्याचं कडेचं प्यादंही आता पळायला तयार आहे. वाचवायचं काहीच उरलं नाही, म्हणून पांढऱ्याच्या प्रत्येक चालीला काळ्याला उत्तर द्यावं लागणार.

इथे मला बोट्विनिक यांचं कौतुक वाटतं, गेलर यांच्या कल्पनेपेक्षाही जास्त. विश्लेषणाच्या बाबतीत त्यांची ख्याती जगभर होती आणि रात्रभर पटावर ते स्वतः बसले होते. स्वतःला सुचलं नाही ते चौदा वर्षांनी लहान असलेल्या माणसाने सुचवलं. ती वाट वेडगळ दिसत होती. त्यांनी ती झटकली नाही आणि लगेच मानलीही नाही. बसले आणि पहाटेपर्यंत तपासत राहिले. वहीवर आंधळा विश्वास ठेवण्याची किंमत दिवसा मोजून झाली होती, रात्री तोच घोळ गेलर यांच्या नावाने घालायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी लिफाफा उघडला.

पांढरा हत्ती काळ्याच्या प्याद्यांच्या ओळीत उतरला. फिशरने अपेक्षेप्रमाणे आपला हत्ती त्या लंगड्या प्याद्यावर नेला. आणि बोट्विनिक यांनी त्याच्याकडे न बघता कडेचं काळं प्यादं उचललं. फिशरने ते पांढरं प्यादं मारलं. जोडपं तयार झालं. मग पांढऱ्याने शह दिला, पुन्हा शह दिला, काळ्या राजाला पटाच्या मधोमध आणून सोडलं आणि हत्ती काळ्याच्या राजाच्या बाजूच्या प्याद्यामागे जाऊन उभा राहिला.

एक्कावन्नाव्या चालीला फिशरने जोडप्यातलं एक प्यादं एक घर पुढे ढकललं. मोकळं प्यादं पुढे न्यायचं असतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. शंभरातले नव्व्याण्णव खेळाडू तेच करतील. पण नेमकं त्या एका घरामुळे प्यादं, राजा आणि त्या ओळीतलं एक रिकामं घर एका आडव्या रेषेत आले.

बोट्विनिक यांनी आपलं कडेचं प्यादं पुढे केलं आणि मारायला दिलं. काळ्याने मध्ये एक शह देऊन ते घेतलं. पांढरा हत्ती त्या रेषेत सरकला: राजाला शह. राजा बाजूला झाला तशी मागची वाट मोकळी झाली आणि हत्तीने रेषेच्या दुसऱ्या टोकाला उभं असलेलं ते प्यादं खाऊन टाकलं. जोडपं फुटलं.

आता गंमत बघा. फिशरकडे अजून एक प्यादं जास्तच होतं. त्याची दोन, बोट्विनिक यांचं एक. पण त्याची दोन प्यादी पटाच्या दोन कडांना, एक अगदी डावीकडे, एक अगदी उजवीकडे. पांढऱ्याचा राजा उजव्या प्याद्याच्या वाटेत ठाण मांडून बसला. पांढऱ्याचा हत्ती डाव्या प्याद्यावर नजर ठेवून राहिला. आणि पांढऱ्याचं ते एकुलतं प्यादं पुढे-पुढे सरकत काळ्याच्या घरात इतकं आत गेलं की काळ्या राजाला त्याच्याजवळून हलता येईना. हलला तर ते वजीर होणार. काळ्याचा हत्ती एकटा काय करणार? फिशर हात टेकणाऱ्यातला नव्हता, त्याने सगळं करून बघितलं. अडुसष्टाव्या चालीला बरोबरी झाली.

फिशरचा चेहरा पांढराफटक पडला होता, त्याने हात मिळवला आणि डोळ्यांत पाणी घेऊन तो सभागृहाबाहेर गेला, असं बोट्विनिक यांनी लिहिलं आहे. समोरासमोर ते दोघे एवढा एकच डाव खेळले. १९७० साली त्यांचा सामना नेदरलँड्समधल्या लायडनला ठरत होता, पण अटींवरून फिसकटला. दोन वर्षांनी फिशर जगज्जेता झाला तेव्हा बोट्विनिक स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाले होते.

ही गोष्ट सांगितली की कोणीतरी हमखास म्हणतं, एका पोरावर अख्खा संघ रात्रभर बसला, हा कुठला न्याय? म्हणणाऱ्याचं मन चांगलं आहे. पण नियम दोघांना सारखा होता. अमेरिकेच्या संघातही पाल बेंको होते, शेवटाच्या खेळाच्या रचना करण्यात जगात नावाजलेले. फक्त याच बेंकोंशी फिशरचं क्युरासावमध्ये बिनसलं होतं. दोघांना मिळून एकच सहाय्यक होता, बेंकोंना आपल्या तहकूब डावासाठी त्याची मदत हवी होती, फिशर म्हणाला तो माझा आहे, आणि प्रकरण हातघाईवर गेलं. पटावर एकट्याने सतरावी चाल शोधणारा मुलगा तो हाच. त्या चालीपुढे सोव्हिएत संघातल्या कोणाचंही काही चाललं नसतं, हेही तितकंच खरं.

फिशरने हा डाव मनातून काढला नाही. १९६९ साली त्याने आपल्या निवडक साठ डावांचं पुस्तक काढलं, त्यात ही बरोबरी घातली. गेलर यांच्याविरुद्ध हरलेला एक डावही घातला, हा त्याचा मोठेपणा म्हटला पाहिजे. त्या पुस्तकात त्याने वार्नाच्या शेवटाची चिरफाड केली आणि लिहिलं, एक्कावन्नाव्या चालीला प्यादं ढकलण्याऐवजी राजा पुढे नेला असता तर मी जिंकलो असतो. सोबत पुरावा म्हणून पुढच्या चालीही दिल्या.

बोट्विनिक यांना ते पटलं नाही. पण आता त्यांच्याकडे ऐकायला वेळ होता आणि मुलं होती. देशभरातल्या हुशार पोरांसाठी ते बुद्धिबळाची शाळा चालवत. मुलं सुट्टीत जमायची, एरवी घरी अभ्यास करून पाठवायची. वार्नाचा हा शेवट आणि त्यावरचा फिशरचा दावा त्यांनी मुलांना गृहपाठाला दिला. आपलं उत्तर आधी सांगून टाकलं नाही.

बाकूहून आलेला एक तेरा वर्षांचा मुलगा त्यावर बसला. डाव झाला तेव्हा तो जन्मलेलाही नव्हता. फिशरच्या ओळीत पुढे खोलवर जाऊन त्याने पांढऱ्यासाठी बरोबरीची वाट काढली, आणि ती स्वतः बोट्विनिक यांना सापडलेली नव्हती. मुलाचं नाव गॅरी कास्पारोव्ह. गुरुजींनी ती तपासली, मान्य केली, आणि पुढे या शेवटाबद्दल बोलताना श्रेय मुलालाच देत राहिले.